उजनी ‘उणे’ कसे होते? आलेखावरून ओळखा डोमेन आणि रेंज

पाटसहून सोलापूरकडे जाताना लागणाऱ्या पळसदेव परिसरात उजनीचे पाणी ओसरले, की बुडालेले जुने मंदिर उघडे पडते. त्याच सुमारास ‘उजनी उणे पातळीत’ असे आलेख मोबाइलवर फिरू लागतात. धरणात पाणी तर असते, मग साठा शून्याच्या खाली कसा? हे कळण्यासाठी आलेखाचे डोमेन आणि रेंज वाचता यायला हवी.

म्हणजे काय?

प्रत्येक तारखेला साठ्याची एकच टक्केवारी, असे नाते म्हणजे फलन, अर्थात फंक्शन. आडव्या क्ष-अक्षावर तारखा असतात, उभ्या य-अक्षावर टक्केवारी. आलेख ज्या तारखांचा आहे, त्या सगळ्या मिळून डोमेन किंवा प्रांत. आलेखाने प्रत्यक्ष गाठलेल्या सगळ्या किमती मिळून रेंज किंवा व्याप्ती.

कसे ओळखायचे?

आलेखाची सावली क्ष-अक्षावर पडली असे समजा. ती जेवढा भाग व्यापते, ते डोमेन. हीच सावली य-अक्षावर पाडली की मिळते रेंज. टोकाला भरीव ठिपका असेल तर ती किंमत धरायची, पोकळ असेल तर सोडायची. बाण असेल तर आलेख पुढेही चालू आहे.

समजा, एक अखंड आलेख 1 जूनला उणे 40 वर सुरू झाला, 10 जूनला उणे 45 पर्यंत उतरला, सप्टेंबरमध्ये 111 वर चढला आणि 31 ऑक्टोबरला 108 वर थांबला. डोमेन सोपे आहे: 1 जून ते 31 ऑक्टोबर. रेंज मात्र उणे 40 ते 108 नाही, तर उणे 45 ते 111. रेंज पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत नव्हे, तर सर्वांत खालच्या किमतीपासून सर्वांत वरच्या किमतीपर्यंत मोजतात.

मग ‘उणे’चा अर्थ काय?

उजनीत सुमारे 64 टीएमसी मृतसाठा आणि त्यावर सुमारे 54 टीएमसी उपयुक्त साठा मावतो. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे 0 टक्के म्हणजे रिकामे धरण नव्हे. तेव्हाही 64 टीएमसी पाणी असते. उणे 50 टक्के म्हणजे मृतसाठ्यातले 27 टीएमसी पाणी संपले, 37 उरले. या हिशेबाने धरण पूर्ण कोरडे पडले, तर आकडा सुमारे उणे 119 दिसेल.

याउलट, दौंड येथे भीमेतून उजनीकडे जाणाऱ्या विसर्गाचा आलेख पाहा. डोमेन त्याच तारखांचे, पण विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात आणि तो शून्याखाली जात नाही. डोमेन एकच असले, तरी रेंज वेगळी असू शकते.

फॉरवर्ड करण्यापूर्वी

दोन गोष्टी तपासा: आलेख कोणत्या तारखांचा आहे आणि शून्य कशाचे आहे. फक्त जुलैचा आलेख पाहिला तर धरण झपाट्याने भरताना दिसेल. फक्त मेचा पाहिला तर आटताना. दोन्ही आलेख खरेच, पण वर्षभराची गोष्ट दोघांतही नाही. डोमेनच्या बाहेर काय घडले, ते आलेख सांगत नाही.