जठरव्रण : चिंतेचा की जंतूचा?

सकाळी दुकान उघडावे, गिऱ्हाइकांच्या गर्दीत जेवणाची वेळ टळावी, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला धावावे आणि पोटात जळजळ सुरू झाली की पाण्यात सोडा घालून प्यावा, हा पेडणे व डिचोली येथील आपल्या अनेक व्यापारी बंधूंचा परिपाठ आहे. उधारीच्या काळजीने व मिरचीने पोट जाळले, असे आपण म्हणतो. काळजी खरीच, परंतु जठरातील व्रणाचे मूळ पुष्कळदा निराळे असते.

पूर्वी डॉक्टरांचाही हाच समज होता. जठरातील तीव्र अम्लात जंतू टिकणारच नाहीत, असे ते मानीत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. रॉबिन वॉरन यांना १९७९ साली जठराच्या अस्तरावर वळणदार जंतू दिसले. १९८२ साली डॉ. बॅरी मार्शल व त्यांनी ते प्रयोगशाळेत वाढविले. तरीही शंका फिटेनात, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतःच प्राशन केला. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला दाह झाला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचे नाव. बहुधा बालपणीच तो शरीरात शिरतो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. काहींना मात्र व्रण होतो. वेदनाशामक गोळ्यांचे नित्य सेवन हे व्रणाचे दुसरे मोठे कारण होय.

श्वासाच्या, शौचाच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीने जंतू ओळखता येतो. दोन प्रतिजैविके व अम्ल कमी करणारे औषध, असा उपचार बहुधा १४ दिवस चालतो. बरे वाटले म्हणून तो मध्येच सोडू नये. अर्धवट औषधाने जंतू चिवट होतो. चौविहार वा उपवास असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे व औषधाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास विलंब न लावता इस्पितळ गाठावे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला दूर नाही.

आपल्या घरी पाणी गाळून व उकळून पिण्याची चाल आहे. गाळण्याच्या कापडाने हा जंतू अडत नाही, उकळण्याने मरतो. ती चाल दुकानातही पाळावी.

वहीतील चूक सापडेपर्यंत आपण स्वस्थ बसत नाही. पोटाच्या दुखण्याचे कारणही तितक्याच चिकाटीने शोधावे, एवढीच विनंती.