कापसाचा भाव व एक गणित

वऱ्हाडांतील कापसाचा भाव परदेशच्या सरकारी खजिन्यामुळेंही हालतो, ह्याचें आमच्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. अमेरिका आपल्या कापूस-उत्पादकांस मोठें अनुदान देई. त्यामुळें पीक वाढून जगाचा भाव उतरतो, अशी तक्रार ब्राझीलनें २००२ सालीं जागतिक व्यापार संघटनेपुढें नेली. परंतु नुसती तक्रार म्हणजे पुरावा नव्हे. कॅलिफोर्नियांतील अर्थशास्त्रज्ञ डॅनियल समनर ह्यांनीं गणित मांडून दाखविलें, कीं अनुदान नसतें तर भाव सुमारें १२.६ टक्के अधिक असता. स्वदेशाविरुद्ध जाणारें सत्य सांगावयास धैर्य लागतें, असें आम्हांस वाटतें. त्यांचे देशबांधव शेतकरी त्यांच्यावर रुष्ट झालेच. २००४ सालीं पंचांनीं ब्राझीलचा मुख्य पक्ष मान्य केला, व २०१४ सालीं अमेरिकेनें ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली ह्या गरीब राष्ट्रांची, असें अनुदान सर्वस्वीं बंद करावें, ही २००३ सालची मागणी मात्र अद्यापि पुरी झालेली नाहीं.