निवडक पोच आणि सोळा बिटांची मर्यादा : लिनक्स कर्नेलमधील एका दोषाची मीमांसा

जालना जिल्ह्यातील भोकरदनचा किंवा मंठ्याचा शेतकरी सातबारा पाहण्यासाठी ‘महाभूलेख’ उघडतो, तेव्हा त्याच्यापुढे येते ते केवळ एक पान. ते पान पाठविणारा वेब-सर्व्हर ही इतरांसारखीच एक आज्ञावली होय. जाळ्यावरील प्रत्यक्ष देवघेव तिच्याखालचा कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, सांभाळतो. आज्ञावली कोसळली तर ती पुन्हा सुरू करता येते; कर्नेलच कोसळला तर त्या यंत्रावरील सारा कारभार एकदम थांबतो. अशी सेवा देणाऱ्या कोणत्याही सर्व्हरच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा ठरतो.

१७ जून २०१९ रोजी जाहीर झालेला लिनक्स कर्नेलमधील ‘सॅक पॅनिक’ हा दोष या दृष्टीने अभ्यसनीय आहे. नेटफ्लिक्स कंपनीतील जोनाथन लूनी यांनी तो शोधून काढला. २००९ सालच्या २.६.२९ या आवृत्तीपासून, म्हणजे सुमारे दहा वर्षे, तो कर्नेलमध्ये होता.

टीसीपी या संकेतानुसार पाठविणारा आपला मजकूर लहान लहान खंडांत पाठवितो आणि पोच मिळेपर्यंत त्याची प्रत जपून ठेवतो. मूळच्या पद्धतीत सलग कोठवर मजकूर पोहोचला एवढेच पोचेवरून समजे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निवडक पोचेच्या संकेताने, म्हणजेच ‘सॅक’ने, मधला खंड गहाळ झाला असला तरी पुढचे कोणते मिळाले हे कळविण्याची सोय झाली. त्यामुळे हरवलेला तेवढाच भाग पुन्हा पाठविणे शक्य झाले.

अशी निवडक पोच आली म्हणजे लिनक्स कर्नेल पोहोचलेल्या खंडांच्या प्रती एकाच गठ्ठ्यात एकत्र करतो. त्यामुळे स्मृतीची बचत होते. एका गठ्ठ्यात प्रत्येकी ३२ किलोबाइटांपर्यंतचे १७ तुकडे, म्हणजे एकूण ५,५७,०५६ बाइट मावू शकतात. त्यात किती खंड आहेत याची नोंद १६ बिटांच्या जागेत होते. तिची कमाल मर्यादा ६५,५३५. नेहमीच्या १,४६० बाइटांच्या खंडांनी गठ्ठा भरला, तर संख्या ३८२ च्या घरात राहते. ही जागा पुरेशी वाटावी यात नवल नाही.

परंतु खंड केवढा असावा याची मर्यादा समोरचा संगणक जोडणीच्या आरंभीच सांगत असतो. लिनक्सने तिची किमान मर्यादा ४८ बाइट ठरविली होती. त्यांपैकी ४० बाइट जादा नोंदींत खर्च झाले, तर मजकुराला उरतात अवघे ८. आता ५,५७,०५६ ला ८ ने भागल्यास ६९,६३२ ही संख्या येते. ती १६ बिटांत मावत नाही. गणना शून्यावर परतून नोंदीत ४,०९६ उरतात. पुढे कर्नेलची स्वतःची तपासणी ही विसंगती पकडते आणि चुकीच्या हिशेबावर काम चालू ठेवण्यापेक्षा यंत्रच थांबविते. अशा रीतीने, कोणताही परवलीचा शब्द ठाऊक नसलेल्या दूरस्थ व्यक्तीला योजून पाठविलेल्या पोचांनी सर्व्हर बंद पाडता येत होता.

यावरील दुरुस्ती साधी होती : गठ्ठे जोडण्यापूर्वीच बेरीज मर्यादेबाहेर जाते की काय हे पाहावयाचे, आणि जात असल्यास ते जोडावयाचे नाहीत. दुरुस्ती बसेपर्यंत निवडक पोच बंद ठेवणे, किंवा फार लहान खंड मागणाऱ्या जोडण्या नाकारणे, हे तात्पुरते उपाय होते.

येथे १६ बिटांची नोंद, लहान खंडांना दिलेली मुभा आणि प्रतींचे एकत्रीकरण हे तिन्ही निर्णय स्वतंत्रपणे समर्थनीय होते. दोष उद्भवला तो त्यांच्या संयोगातून. म्हणूनच प्रत्येक भाग अलग तपासून तो सापडणे कठीण. ज्या सेवांवर पीककर्जाचे वा फेरफाराचे काम अवलंबून आहे, त्यांच्या चालकांनी केवळ आज्ञावलीची परीक्षा करून भागत नाही. कर्नेलच्या दुरुस्त्या वेळेवर बसविणे आणि त्यासाठी यंत्र नियोजित वेळी बंद करून पुन्हा चालू करणे, हाही सेवेचाच भाग होय. ठरवून घेतलेला अल्प विराम टाळला, तर न ठरविलेला विराम कोणाच्या तरी इच्छेने येऊ शकतो.