रांग चुकेल, पण कोणाची?

दुकानातल्या काउंटरपुढे उभं न राहता सामान घेऊन थेट बाहेर पडायचं, अशी ॲप्स जगात आली, काही गेलीसुद्धा. डहाणू-तलासरीच्या बाईसाठी असं ॲप करायचं म्हटलं तर त्यात काय काय असायला हवं?

महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे सुपरमार्केटमध्ये काउंटर तीन आणि चालू एकच! पुढच्या बाईंची गाडी शिगोशीग भरलेली, त्यात एका पाकिटाचा भाव यंत्रात दिसत नाही म्हणून पोरगा आत धावलेला. आपल्या हातात नुसतं तेल आणि साखर. घरी कुकर लावायचाय, मुलं शाळेतून यायची वेळ झालीये. अशा वेळी वाटतंच ना, मोबाइलवरच बिल करून निघून जाता आलं तर?

ही तक्रार किरकोळ नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, तर पुरुषाची ८८, असं दिसलं. ज्या बाईचा दिवस आधीच इतका कापला गेलाय, तिला रांगेतली वीस मिनिटंही महागच पडतात.

काळ्या रेघांची करामत

या ॲपची कल्पना सोपी आहे. पाकिटावरच्या काळ्या उभ्या रेघा, म्हणजे बारकोड. २६ जून १९७४ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात च्युइंगगमचं एक पाकीट या रेघा वाचून विकलं गेलं आणि तेव्हापासून जगभरची बिलं झपाझप होऊ लागली. काउंटरवरची मुलगी यंत्रानं जे करते, तेच आता फोनचा कॅमेरा करू शकतो. वस्तू घ्यायची, फोन धरायचा, पिशवीत टाकायची. शेवटी फोनवरच पैसे भरायचे आणि दारातल्या माणसाला पावती दाखवायची. झालं!

पण सगळीकडे ते जमलं नाही. अमेरिकेच्या वॉलमार्टनं आपल्या मोठ्या दुकानांतली ही सोय २०१८ मध्ये बंद केली. वापरणारे थोडे, आणि सुट्या भाज्या-फळं स्वतः तोलून नोंदवताना गिऱ्हाईक वैतागायचं. ॲमेझॉननं कॅमेऱ्यांनी भरलेलं, काउंटरच नसलेलं दुकान २०१८ मध्ये सर्वांसाठी उघडलं, पण २०२४ मध्ये आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढायचं ठरवलं. आपल्याकडे बंगळुरूच्या ‘परप्युल’ कंपनीनं असंच रांग टाळणारं ॲप काढलं होतं. पुढे ती छोट्या दुकानदारांना ऑनलाइन विक्रीसाठी मदत करू लागली आणि २०२१ मध्ये ॲमेझॉननं ती विकत घेतली.

डहाणू रोडचा धडा

आपल्या भागानं मात्र रांग चुकवणारं एक ॲप यशस्वी झालेलं पाहिलंय. दुकानातलं नव्हे, रेल्वेचं!

एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि तिकिटाच्या खिडकीचं महत्त्व आणखी वाढलं. रेल्वेनं मोबाइल तिकिटाचं ॲप आणलं खरं, पण सुरुवातीला पैसे फोनवर भरून तिकीट छापायला स्टेशनवरच्या यंत्रापुढे उभं राहावं लागायचं. म्हणजे खिडकीची रांग गेली आणि यंत्राची आली! जुलै २०१५ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, चर्चगेट ते डहाणू रोड मार्गावर कागदाशिवायचं तिकीट सुरू झालं, आणि मग खरी सुटका झाली.

या ॲपमागचा विचार पाहण्यासारखा आहे. टीसी दिसला की गाडीत बसूनच तिकीट काढायचं, असं कोणी करू नये म्हणून फोन रुळांच्या अगदी जवळ असेल तर तिकीट निघायचं नाही. मग स्टेशनात येऊन पोहोचलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी भिंतीवर चौकोनी कोड लावले. दुसऱ्याच्या तिकिटाचा फोटो चालायचा नाही. फोन बंद पडला आणि तिकीट दाखवता आलं नाही, तर मात्र प्रवास विनातिकीट! २०२५ मध्ये रेल्वेनं ‘रेलवन’ हे नवं ॲप आणलं, त्यावरही अशी तिकिटं निघतात.

हे जमलं, कारण डहाणू ते पालघर तिकीट म्हणजे तिकीट. त्याला तोलायचं नसतं, त्यात घासाघीस नसते.

वाट्याला बारकोड कुठला?

आता आपला बाजार बघा. सुकटीचा वाटा, बोंबलाची जुडी, टोपलीतले चिकू, पाड्यावरून आलेल्या बाईची पालेभाजी. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण टोपलीतल्या चिकूवर काळ्या रेघा उमटल्या नाहीत! तिथे हातात घेऊन, दाबून बघायचं, भाव करायचा आणि वर दोन मागून घ्यायचे. वॉलमार्ट जिथे अडखळलं, तिथे आपला निम्मा बाजार आहे.

आणि सगळ्यात लांब रांग तर रेशनची. ‘मेरा राशन’ हे सरकारी ॲप २०२१ पासून आहे, त्यावर आपलं धान्य किती ते कळतं. पण धान्य हाती पडायला साधारणपणे दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटावा लागतो. वीटभट्टीवर, शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा यंत्र पटकन ओळखत नाही. त्यात नेटवर्क गेलं की रांग जागच्या जागी. तिची रांग कोणतं ॲप चुकवणार?

फोन नक्की कोणाचा?

मैत्रिणींनो, सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. गेल्या काही वर्षांत फोन वाढलेत, तरी अनेक घरांत फोन एकच, तो नवऱ्याबरोबर कामावर जातो आणि बँकेचा संदेशही त्याच्याच नंबरवर येतो. अशा घरातली बाई रांगेतच राहते. वर फोनवाल्यांसाठी सोय झाली म्हणून दुकानदारानं एक काउंटर कमी केला, तर तिची रांग उलट लांबते. त्या काउंटरवरची बारावी झालेली मुलगी घरी बसते, ते वेगळंच. आपल्या गावांत मुलीची पहिली नोकरी बरेचदा तीच असते.

म्हणून ॲप नकोच, असं नाही. ते कोणाला डोळ्यांपुढे ठेवून बनवलंय, ते पाहायला हवं. आज कॉलेजात संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलींना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. त्यांनी हा घ्यावा आणि आधी चार दिवस बाजारात उभं राहून रांग नेमकी कुठे अडते ते टिपावं. बिल करताना, सुटे पैसे शोधताना, की तोलताना?

ॲप बनवायला बसाल तर...

• भाषा मराठी हवीच, तलासरीकडे सीमेमुळे गुजरातीही. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र आणि आवाज हवा.

• नेटवर्क गेलं तरी यादी पुसली जाऊ नये.

• सुटा माल दुकानदारानं आधीच तोलून चिठ्ठी लावावी. घरून यादी पाठवायची, ठरल्या वेळी पिशवी उचलायची. व्हॉट्सॲपवर वाण्याला यादी पाठवणाऱ्या बायका हेच तर करतात!

• पैसे रोख द्यायची मुभा हवी. साध्या बटणांच्या फोनवरून यूपीआयनं पैसे देण्याची सोय ८ मार्च २०२२ ला, म्हणजे महिला दिनीच सुरू झाली. तिचाही विचार व्हावा.

• फोन नसलेलीसाठी एक काउंटर कायम चालू राहावा.

असं ॲप होईल तेव्हा होईल. तोवर यादी सकाळीच पाठवा, शक्य असेल तर पहिला आठवडा टाळा, आणि भरलेली गाडी घेऊन उभ्या असाल तर मागे फक्त तेल-साखर घेऊन ताटकळलेल्या बाईला पुढे जाऊ द्या. त्याला फोन लागत नाही!