पिवळे सोडियम दिवे रस्त्यावरून गायब होतायत, मग काही लोक ते घरी का जपून ठेवतायत?

शहरातल्या रात्रीचा रंग कोणता? आज तिशी-चाळिशीत असलेल्या कुणालाही विचारा, उत्तर बहुतेक एकच येईल: पिवळा. थोडा नारिंगीकडे झुकणारा. रात्रीच्या एसटीतून येताना शहर जवळ आलं की आधी दिसायची ती याच दिव्यांची रांग.

हे दिवे म्हणजे सोडियम व्हेपर. आता त्यांच्या जागी पांढरे एलईडी आलेत. केंद्र सरकारने जानेवारी २०१५मध्ये पथदिवे बदलण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली आणि त्यात देशभर १ कोटीहून जास्त एलईडी दिवे लागले.

पण जगभरात असे हौशी लोक आहेत, जे भंगारात निघालेले सोडियम दिवे, त्यांचे चोक आणि अख्खे फिटिंग गोळा करतात, दुरुस्त करतात आणि घरी लावून बघत बसतात. ज्या उजेडात लाल गाडीसुद्धा तपकिरी दिसते, त्या उजेडाचं एवढं काय कौतुक?

आधी हा दिवा समजून घेऊ

गॅसच्या ज्योतीवर मिठाचे कण पडले की ज्योत पिवळी होते, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलंय. मिठातलं सोडियम तापलं की विशिष्ट पिवळा प्रकाश देतं. त्याची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर.

१९३०च्या दशकात युरोपात रस्त्यांवर आलेले पहिले सोडियम दिवे कमी दाबाचे होते. वीज कमी लागायची, पण प्रकाशात जवळजवळ हा एकच रंग. त्यामुळे बाकी सगळं जग करड्या छटांमध्ये दिसायचं.

वाफेचा दाब वाढवला तर प्रकाशात आणखी रंग येतात, हे शास्त्रज्ञांना माहीत होतं. अडचण होती भांड्याची. इतकं तापलेलं सोडियम काचेलाच खाऊन टाकतं. हा तिढा सुटला अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत. तिथल्या रॉबर्ट कोबल यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी ॲल्युमिनापासून प्रकाश आरपार जाऊ देणारं सिरॅमिक बनवलं. त्याच्या बोटाएवढ्या नळीत सोडियम, थोडा पारा आणि झेनॉन वायू भरून १९६०च्या दशकात उच्च दाबाचा सोडियम दिवा बाजारात आला. आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसायचा तो हाच.

हौशी लोकांना त्यात काय दिसतं?

पहिली गोष्ट म्हणजे त्याचं पेटणं. एलईडीचं बटण दाबलं की लख्ख उजेड. सोडियमचं तसं नाही. इग्नायटर काही हजार व्होल्टचे झटके देतो, नळीत फिकट निळसर-पांढरा उजेड येतो. मग सोडियमची वाफ होऊ लागते आणि दिवा गडद पिवळा होतो. काही मिनिटांनी दाब वाढला की तो सोनेरी रंगावर स्थिरावतो. हा रंगबदल पाहण्यासाठीच अनेक जण दिवा पुन्हा पुन्हा लावतात.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचे नखरे. लाईट गेली आणि लगेच आली, तरी गरम दिवा पेटत नाही. आतला दाब उतरेपर्यंत थांबावं लागतं.

आणि म्हातारपणी? जुन्या दिव्याला पेटत राहायला जास्त व्होल्टेज लागतं. चोकला ते झेपेनासं झालं की दिवा विझतो, थंड झाला की पुन्हा पेटतो, तापला की पुन्हा विझतो. गल्लीतला एखादा दिवा रात्रभर आपोआप बंद-चालू व्हायचा, त्यात भुताटकी काही नव्हती.

तिसरी गोष्ट फक्त स्पेक्ट्रोस्कोपमधून दिसते. या दिव्याच्या प्रकाशात पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये एक काळी फट असते. नळीच्या कडेची थंड सोडियम वाफ नेमका तोच रंग शोषून घेते. म्हणजे हा दिवा स्वतःचाच खास रंग गिळतो!

मुंबईने हा वाद आधीच पाहिलाय

रंगाचं हे प्रेम फक्त दिवे गोळा करणाऱ्यांपुरतं नाही. मरीन ड्राइव्हला 'क्वीन्स नेकलेस' म्हणतात ते रात्रीच्या दिव्यांच्या कमानीमुळे. २०१५मध्ये तिथले सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा 'राणीच्या हाराचं सोनं गेलं' अशी ओरड झाली. राजकीय वाद पेटला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. शेवटी तिथे पिवळसर छटेचे एलईडी आले.

दिव्यांचा रंग इतिहासही सांगतो. २०१३मध्ये अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांनी अवकाश स्थानकातून रात्रीच्या बर्लिनचा फोटो काढला. भिंत पडून २० वर्षं उलटली होती, तरी पूर्व बर्लिन पिवळं आणि पश्चिम बर्लिन पांढरट दिसत होतं. कारण दोन्ही भागांतले पथदिवे वेगळे होते.

मग एलईडी वाईट का?

नाही. एलईडीत रंग नीट ओळखू येतात, उजेड हवा तिथेच पाडता येतो, गरजेनुसार मंद करता येतो आणि वीज वाचते. सोडियम दिव्यात पाराही असतो, त्यामुळे त्याची विल्हेवाट जपून लावावी लागते.

प्रश्न आहे तो एलईडीच्या पांढऱ्या रंगाचा. त्यात निळा प्रकाश जास्त असतो. तो डोळ्यांना खुपतो, झोपेवर परिणाम करू शकतो आणि आकाशात जास्त पसरतो, म्हणून तारे दिसेनासे होतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६मध्येच पथदिवे ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर ठेवायला सांगितलं होतं. सोडियम दिवा साधारण २००० केल्विनचा असतो.

तुम्हालाही एखादा दिवा जपायचाय?

भंगारात सोडियम दिवा मिळाला तर तो थेट प्लगला जोडू नका. योग्य वॅटचा चोक आणि इग्नायटर लागतोच, आणि जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. चालू दिवा भयंकर तापतो. फुटला तर आतला पारा बाहेर येतो.

आज २२०० केल्विनचे एलईडी मिळतात, म्हणजे सोडियमचा रंग बऱ्यापैकी परत आणता येतो. आपल्या रस्त्यावर कोणता रंग हवा, हे महापालिकेला विचारण्याचा हक्क नागरिकांना आहेच. पण निळसर, पिवळा, सोनेरी असं सावकाश जागं होणं एलईडीला जमत नाही. हौशी लोक जपतायत ते नेमकं हेच.