हवेचा तंबू घेण्याआधी कपडा हातात घेऊन पाहा

चिखलदऱ्याला सहकुटुंब जाऊन एक-दोन रात्री तंबूत काढण्याची हौस आपल्या भागातही वाढली आहे. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, अचलपूरकडची मंडळी पूर्वी सकाळी निघून रात्री घरी परतत. आता मुले मोबाईलवरून तंबू मागवतात, आणि त्यातही काठ्यांचा नको, हवा भरून उभा राहणारा हवा, असा हट्ट असतो. असा तंबू तेवढ्याच आकाराच्या काठीच्या तंबूपेक्षा बराच महाग पडतो. लहान दुकानदाराला किंवा कारागिराला हा खर्च सहज पेलण्यासारखा नाही. म्हणून चार शब्द लिहीत आहे. मी तंबूवाला नव्हे, कपड्याचा व्यापारी आहे. पण तंबू म्हणजे शेवटी कपडाच.

आधी माझी फजिती सांगतो. २०२३च्या डिसेंबरात थोरल्या मुलाने असा एक तंबू मागवला. "अब्बा, आठ माणसांचा आहे, तुम्ही आणि अम्मीसुद्धा चला," म्हणाला. आम्ही गेलो. चिखलदऱ्यात एकाच्या आवारात परवानगी घेऊन दुपारी तीनला तंबू उभा केला. खरोखरच दहा मिनिटांत उभा राहिला, नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. रात्री दोनच्या सुमारास छत खाली आले. पंक्चर झाले समजून मुलाने अंधारात पंप मारून मारून नळ्या दगडासारख्या कडक केल्या. सकाळी अकराला ऊन चढले आणि मधल्या नळीची शिवण फटाक्यासारखी फाटली. सुदैवाने मुले बाहेर खेळत होती. विक्रेत्याला कळवले, तर उत्तर आले की नळी सुटी मिळत नाही, पूर्ण तंबू नवा घ्यावा.

घरी आल्यावर तो तंबू मी दुकानाच्या गादीवर पसरला आणि थान तपासावे तसा तपासला. तेव्हा सारा उलगडा झाला.

हवेच्या तंबूचे दोन प्रकार आहेत आणि घेणाऱ्याने ते एक समजू नयेत. एक सतत पंख्याने फुगवत ठेवायचा. जत्रेत मुलांच्या उड्या मारण्यासाठी जो फुगवलेला महाल असतो, तो याच जातीचा. वीज गेली की बसला. लग्नसमारंभाच्या लॉनवर ठीक, डोंगरावर निरुपयोगी. दुसरा प्रकार नळ्यांचा. यात काठ्यांच्या जागी कमानीसारख्या जाड नळ्या असतात, त्यांत एकदा हवा भरली की तोंड बंद. कुटुंबासाठी घ्यायचा तो हाच.

या नळीची रचना सायकलच्या चाकासारखी समजावी. आत हवा धरणारी प्लॅस्टिकची पातळ ट्यूब, आणि तिच्यावर पक्क्या विणीच्या कपड्याची पिशवी, म्हणजे टायर. ट्यूब फक्त हवा अडवते. दाब सोसतो तो कपडा. म्हणून चांगल्या मालात ट्यूब पिशवीपेक्षा किंचित मोठी ठेवतात, जेणेकरून फुगल्यावर ती पिशवीला टेकावी आणि स्वतः ताणली जाऊ नये. माझ्या तंबूत ट्यूब शाबूत होती, पण पिशवी पातळ कापडाची आणि एकाच टाक्याने शिवलेली. पिशवी उसवल्याबरोबर ट्यूब बाहेर फुगली आणि गेली. जाहिरातीत या पिशवीबद्दल एक अक्षर नव्हते. नळीचा व्यास होता, रंग होते, पाच मिनिटे होती.

आता रात्री छत खाली का आले ते पाहा. पंक्चर नव्हतेच. हवा थंड झाली की आखडते. दुपारी उन्हात नळीतली हवा ३० अंश असताना ७ पीएसआय दाब भरला आणि रात्री ती ८ अंशांवर आली, तर दाब सुमारे दीड पीएसआयने उतरतो. एवढ्याने नळी मऊ पडते. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब, आपण गाडीच्या टायरला मोजतो तोच. रात्रीच्या थंडीत नळी पुन्हा कडक भरली, तर सकाळी उन्हाने तोच दाब दोन पीएसआयच्याही वर चढतो. आमच्याकडे पंपाला दाब मोजण्याचा काटाच नव्हता. तेव्हा पहिली गोष्ट, काट्याशिवाय पंप घेऊ नका, आणि नळीवर जादा दाब आपोआप सोडणारी झडप आहे का ते विचारा. बहुतेक नळ्यांना ५ ते ९ पीएसआय पुरतात; कंपनीने छापलेला आकडा ओलांडू नये. संध्याकाळी झोपण्यापूर्वी एकदा काटा पाहून भरावे, सकाळी ऊन लागण्याआधी थोडी हवा सोडावी. पेट्रोल पंपावरच्या किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला तर ही नळी दाखवूसुद्धा नये. आपल्या वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात फुगवलेली नळी ठेवणे म्हणजे ती फाडण्यासाठीच ठेवणे होय.

नळीमुळे तंबूला मजबुती येते ही गोष्ट खोटी नाही. जपानमध्ये ओसाका येथे १९७० साली जागतिक प्रदर्शन भरले, तेथे फुजी समूहाचा मंडप चार मीटर व्यासाच्या सोळा हवेच्या नळ्यांवर उभा होता, आणि वादळात त्या नळ्यांतला दाब वाढवण्याची सोय होती. वावटळीत काठी मोडते, नळी वाकून पुन्हा सरळ होते. पण दोर ताणून बांधलेले असतील तरच. पुष्कळ लोक तंबू आपोआप उभा राहिला म्हणून दोर पिशवीतच ठेवतात.

कपड्याकडे वळू. डब्यावर १५० डी, ७५ डी असे छापलेले असते. डी म्हणजे डेनियर, नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आपण सुती धंद्यातले लोक येथे फसतो. सुतात ४० नंबर हा २० नंबरपेक्षा बारीक. डेनियरमध्ये उलटे, आकडा मोठा तितका धागा जाड. छताला ७५ डेनियरचे पॉलिएस्टर चालते, १५० असेल तर जास्त टिकते. पण केवळ आकड्यावर जाऊ नका. कपडा उजेडात धरून ताणा-बाणा पाहा. विणीत एकेका अंतरावर जाड धाग्यांची चौकट असेल तर फाटलेले भोक पुढे पसरत नाही. नायलॉन ओले झाले की सैल पडते आणि उन्हात लवकर कुजते, म्हणून मोठ्या तंबूला पॉलिएस्टर बरे. विक्रेता सुती म्हणत असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून पाहा, आपण रोज पाहतो तसा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत; वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

सूत-पॉलिएस्टर मिश्रणाचे, म्हणजे आपल्या टेरिकॉटच्या जातीचे तंबूही मिळतात. आत हवा खेळती राहते, उन्हात कमी तापतात, सकाळी छतावरून घामासारखे थेंब पडत नाहीत. वजन मात्र फार, आणि ओले घडी केले की आठवड्यात बुरशी. ज्याच्या घराला मोठी गच्ची आहे आणि वाळवायला माणसे आहेत, त्यानेच ते घ्यावेत.

पाणी अडवण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. ३००० लिहिले म्हणजे तीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब कपडा झेलतो. छताला एवढे पुष्कळ झाले. जमिनीच्या कापडाला याहून जास्त पाहिजे, कारण त्यावर माणूस गुडघे टेकतो आणि खालचे पाणी दाबून वर येते. दुकानात पाहायला मिळत असेल तर कपड्याची झोळी करून तांब्याभर पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. दुकानदार नको म्हणाला तर समजून जा. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. मेणकापड कितीही चांगले असो, सुईने पाडलेल्या भोकांतून पाणी येतेच. आणि नखाने उचकटणारी पट्टी एका पावसाळ्यात सुटते. मी स्वतः मात्र जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला कोणताही तंबू नेणार नाही. तेथला पाऊस आणि धुके पाहिलेल्याला कारण सांगायला नको. हॉटेलची खोली घ्यावी.

माणसांचा आकडा हा सर्वांत मोठा धोका. आठ माणसांचा म्हणजे आठ जणांनी खांद्याला खांदा लावून निजायचे, पिशव्या बाहेर. छापलेल्या आकड्यातून दोन-तीन वजा करावेत. आपल्या घरी म्हातारी माणसे, सुना, लेकरे सोबत असतात. म्हणून मध्ये बसायची जागा आणि दोन टोकांना दोन वेगळ्या खोल्या असलेला नमुना पाहावा. खोलीचा आतला पडदा गडद रंगाचा असेल तर आत दिवा लावल्यावर बाहेर सावल्या दिसत नाहीत. आमच्या पहिल्या तंबूत ही सोय नव्हती आणि बायकांची रात्रभर कुचंबणा झाली. उंचीही पाहा, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रांगत आत जाता येत नाही.

आता विस्तवाची गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत वर थंडी कडक पडते आणि लोक शेगडी तंबूत घेतात. हे कदापि करू नये. बंद कापडात कोळशाच्या धुरातला विषारी वायू जमतो, त्याला वास नसतो, आणि निजलेला माणूस उठत नाही. पॉलिएस्टर तर जळण्याआधी वितळून अंगाला चिकटते. १९९७ साली मिना येथे हाजींच्या तंबूंना आग लागून ३४३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे काचेच्या धाग्यांच्या, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या, आग न धरणाऱ्या कापडाचे तंबू उभारले गेले. आपल्या बाजारातला सहलीचा तंबू त्या जातीचा नसतो. त्यावर आग-रोधक लिहिले असले तरी त्याचा अर्थ ज्वाळा सावकाश पसरते एवढाच. स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

खुंट्या डब्यातल्या येतात त्या टाकून द्याव्यात. चिखलदऱ्याची जमीन खडकाळ, वर मातीचा पातळ थर. प्लॅस्टिकची खुंटी तेथे वाकते. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी होते, दोन्ही वेळा बारीक खुंटी निघून येते. गावच्या लोहाराकडून हातभर लांब सळईच्या, डोके वळवलेल्या वीस खुंट्या करून घ्या. कंपनीच्या मालापेक्षा स्वस्त पडतात आणि नातवापर्यंत टिकतात.

दुरुस्तीचा विचार खरेदीच्या वेळीच करायचा असतो. प्रत्येक नळीला वेगळे तोंड हवे. एकाच तोंडाने सगळ्या नळ्या भरणारा नमुना सोयीचा वाटतो, पण मध्ये बंद करण्याची सोय नसेल तर एका भोकाने सगळा तंबू बसतो. पिशवीला चेन हवी, म्हणजे ट्यूब बाहेर काढता येते. ट्यूब टीपीयूची आहे की पीव्हीसीची हे बिलावर लिहून घ्या, कारण दोघांची ठिगळे वेगळी. सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन टीपीयूवर धरत नाही. आमच्या पंक्चरवाल्याने तीनदा लावले, तीनदा सुटले. सुटी नळी मिळते का, हे दर विचारण्याच्या आधी विचारावे.

माझा फाटलेला तंबू वाया गेला नाही. दप्तरे आणि ताडपत्री शिवणाऱ्या एका कारागिराकडून मी जाड, न ताणणाऱ्या पॉलिएस्टरची नवी पिशवी शिवून घेतली. जुन्या पिशवीच्या मापावर, दुहेरी दाबशिलाई, धागाही पॉलिएस्टरचा. सुती धागा तेथे चालत नाही. पहिल्यांदा माप बोटभर सैल झाले, तेव्हा ताण पुन्हा ट्यूबवर येऊ लागला आणि उसवून परत शिवावे लागले. टीपीयूची ट्यूब ऑनलाईन सुटी मिळाली. त्या कारागिराकडे आता असे दुसरेही काम येते. मंडप-शामियान्याच्या धंद्यातल्या बांधवांनी याकडे जरूर पाहावे. भाड्याने देण्यासाठी दोन तंबू ठेवायचे असतील तर दुरुस्ती करणारा माणूस आधी शोधून ठेवावा, तंबू मागाहून घ्यावेत.

ऐन-ए-अकबरीत अबुल फज़लने लिहिले आहे की बादशाहची मोठी बारगाह उभारायला हजार फर्राशांना आठवडा लागत असे. आज एक मुलगा पंप मारून घर उभे करतो. पण उतरवताना घाई करू नये. कापड पुसून, नळ्या पूर्ण रिकाम्या करून घडी करा, आणि घरी आल्यावर पुन्हा उघडून सावलीत दोन दिवस वाळवा. उन्हात आठवडाभर गच्चीवर टाकलेले कापड वर्षभरात जुने होते. ठेवताना लोखंडी पेटीत ठेवा, उंदीर ट्यूब सोडत नाहीत. डांबराच्या गोळ्या मात्र प्लॅस्टिकला लागू देऊ नका.

आणखी एक. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तेथे मनाला येईल त्या ठिकाणी तंबू टाकता येत नाही. वनखात्याने ठरवलेली जागा किंवा खासगी आवार, तेही लेखी परवानगीने. अस्वल रात्री अन्नाच्या वासावर येते, म्हणून उरलेला पुलाव तंबूत ठेवू नये. आम्ही गेल्या थंडीत दुरुस्त केलेला तंबू घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा डेगची गाडीत ठेवली होती. रात्री दहाला काटा पाहिला, साडेसहा होता. सकाळी सातला पाच. मुलाने पंपाला हात लावला नाही.