जॉबचा प्रवास कमी करताना
कारखान्यात जॉबची, म्हणजे ज्यावर काम चालू आहे त्या सुट्या भागाची, किंमत तो कापल्याने, वाकवल्याने किंवा जोडल्याने वाढते. एका शॉपमधून दुसऱ्यात शंभर मीटर वाहून नेल्याने ती एका पैशानेही वाढत नाही. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचे शिल्पकार ताइची ओहनो यांनी अपव्ययाचे जे सात प्रकार सांगितले, त्यांत मालाची अनावश्यक ने-आण आणि माणसाची अनावश्यक हालचाल यांना वेगवेगळे स्थान दिले. हा भेद मोलाचा आहे, कारण फोर्कलिफ्ट घेतल्याने माल लवकर पोहोचला, तरी अंतर तेवढेच राहते आणि जमिनीवरच्या बिनमधून प्रत्येक भाग उचलताना कामगाराचे वाकणेही चुकत नाही.

फोर्डच्या हायलँड पार्क येथील कारखान्यात १९१३ साली मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या विद्युतयंत्राच्या, जोडणीत हे स्पष्ट दिसून आले. एक कामगार जे काम सुमारे २० मिनिटांत करत असे, ते २९ टप्प्यांत विभागून जोडणीच कामगारांपुढून सरकत नेल्यावर १३ मिनिटे १० सेकंदांत होऊ लागले. पुढच्या वर्षी लाइनची उंची केवळ आठ इंचांनी वाढवली, तेव्हा हा वेळ ७ मिनिटांवर आला. नवे यंत्र न आणता, कंबरेला पडणारा बाक कमी करून मिळालेला हा लाभ आजही विचार करायला लावतो. मात्र वाचलेले श्रम विसाव्याऐवजी वेगात घातले गेले, तेथील माणसे मोठ्या संख्येने काम सोडून जात राहिली आणि जानेवारी १९१४ मध्ये पाच डॉलर रोज जाहीर करण्यामागे हेही एक कारण होते. म्हणून हालचाल वाचवणे आणि माणसाला पळवणे यांत गल्लत होता कामा नये.

ने-आण कमी करण्याची सुरुवात कारखान्याच्या नकाशावर एका जॉबची खरी वाट पेन्सिलीने रेखण्यापासून होते. रेषांच्या गुंत्यामुळे या नकाशाला स्पॅगेटी आकृती म्हणतात. त्यातून लेथ आणि ड्रिलिंग यंत्र यांच्यामध्ये स्टोअरची फेरी कशासाठी पडते, हा प्रश्न उभा राहतो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर एवढेच असते की एकाच जातीची यंत्रे एकत्र ठेवण्याची जुनी रीत कोणी तपासलेली नसते. यंत्रे कामाच्या क्रमाने इंग्रजी यू अक्षराच्या आकारात मांडली, तर जॉब हातोहात पुढे जातो, आणि कन्व्हेयर घ्यायचा की नाही, हा खर्चाचा निर्णय त्यानंतर उरलेल्या अंतरापुरताच घ्यावा लागतो.